मसणवाटेवरची सलाईन

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय, जेवण मंग करते. कुकर तिकडं शिट्ट्या मारून राह्यला अन् मी मोबाईल घेऊन जिन्यात बसले. टायपायला चुकलं तर सांभाळून घ्या, मी परत वाचणार न्हाई, परत वाचलं तर पाठवायची हिंमत होणार न्हाई.

झालं असं की आज जुन्या जालन्यात, माझ्या खोलीच्या गल्लीतून बाहेर पडलं की जो चौक लागतो तिथं, बाटल्या जमा करायचं टेबल मांडलंय. वर बोर्ड, 'रिकामी बाटली द्या, पैसे घ्या'. एक माणूस ऑटोतून उतरला. हातात पाण्याची बाटली, अर्ध्याच्या वर भरलेली, थंडगार, बाहेरून घाम आलेली. टेबलवाला म्हणाला, "भरलेली चालत न्हाई भाऊ, रिकामी करा." त्या माणसाला घाई होती. त्यानं झाकण काढलं अन् सगळं पाणी गटारीत ओतलं. आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवस येत न्हाई. बाजूला चार-पाच जण उभे होते. मी पण त्यांच्यातच. पण तो गटगट आवाज ऐकला अन् मला कंपाउंडर काका आठवले, तेव्हापासून दुसरं काही सुचून न्हाई राह्यलं.

काका आमच्या गावचे. गाव मंठ्यापासून आठ-नऊ किलोमीटर. गावात एक खासगी दवाखाना होता, तिथं काकांनी उमर काढली. इंजेक्शन देणं, पट्टी बांधणं, सलाईन लावणं. मला लहानपणी इंजेक्शन त्यांनीच दिलं, सुई टोचायच्या आधी म्हणायचे, "माय, आता मुंगी चावंल, तिला शिवी द्यायची न्हाई, ती ड्युटीवर हाय." मी रडायचं विसरून मुंगी शोधायची.

आमच्याकडं लोकांना सलाईनचं लई वेड. अशक्तपणा आला, लावा सलाईन. ऊन लागलं, लावा सलाईन. पाव्हण्यांकडून भांडून आले, तरी सलाईन. अन् काका पेशंटच्या कानात सांगायचे, "हे मीठपाणी हाय. तुला तोंड दिलंय ना देवानं? घरी जा, मीठ-साखर घालून पाणी पी." असं दोन-तीनदा डॉक्टरांच्या कानावर गेलं. मंग काय, काढलं कामावरून. गावानं हसून घेतलं. त्या दिवसापासून काकांना कुणी विचारलं, काय चाललंय, की ते म्हणायचे, "काही न्हाई, रिकामा हाय." अन् गावातली टवाळ पोरं पाठीमागं म्हणायची, रिकामा डॉक्टर.

पण ते रिकामे नव्हते. तेच तर सांगायचंय.

आमच्या गावातून मसणवाट जाती ती एक किलोमीटरच्या वर असंल. तेव्हा तिथं एकही झाड नव्हतं, दोन्ही बाजूंनी नांगरलेली रानं. काकांची बायको, आम्ही तिला काकू म्हणायचो, ती वैशाखात भर दुपारी गेली. तुम्हाला माहितीये ना, अर्ध्या वाटेत विसावा असतो, तिथं तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, मंग पुढं नेतात. त्या दिवशी खांदेकऱ्यांचे पाय इतके भाजून राह्यलते की विसाव्यावर तिरडी टेकवली न टेकवली अन् लगेच उचलली. हे काकांनी मला स्वतः सांगितलं, एकदाच. म्हणाले, "जी बाई मला रोज सावलीत बसवून जेवू घालायची, तिला दोन मिनटं निवांत ठेवता आलं न्हाई. लोकांचा दोष न्हाई माय. पाय कुणाचेबी भाजतात."

त्या पावसाळ्यात त्यांनी मसणवाटेवर कडुलिंबाची सतरा रोपं लावली. स्वतः निंबोळ्या टाकून घरी वाढवलेली. त्यांचा एकच हिशेब होता, तीन उन्हाळे. लिंबानं तीन उन्हाळे काढले की तो आपलं पोट आपण भरतो, मंग त्याला कुणाची गरज न्हाई. पण पहिले तीन त्याला कुणीतरी पाजलं पाहिजे. अन् आमच्या गावात उन्हाळ्यात माणसालाच टँकर, झाडाला कोण पाजणार?

मंग काकांनी झाडांना सलाईन लावली.

खरंच सलाईन. प्रत्येक रोपाजवळ एक काठी रोवलेली, काठीला पाण्याची बाटली उलटी टांगलेली, झाकणातून सलाईनची जुनी नळी काढून रोपाच्या बुडाशी सोडलेली. बाटलीच्या बुडाला बोटाएवढं भोक, त्यातून नरसाळ्यानं पाणी भरायचं. नळीला ती छोटी चक्री असती ना, ती फिरवून थेंब बांधायचे. काका हातातल्या घड्याळात बघून थेंब मोजायचे. मी एकदा म्हणाले, "काका, झाडाला काय कळतंय थेंब किती?" तर म्हणाले, "त्याला कळत न्हाई म्हणून तर मी मोजून राह्यलो." अन् मंग माझ्याकडं वळून, एकदम सिरियस, "ज्याला तोंडानं पिता येत न्हाई त्यालाच सलाईन लावायची असती. झाडाला कुठं तोंड हाय?"

झाडांना नावं नव्हती, बेड नंबर होते. सकाळी सायकलला दोन कॅन अडकवून निघाले की रस्त्यात कुणी विचारायचं, "काय डॉक्टर, राउंडला?" तर हे थांबून रिपोर्ट द्यायचे. "बेड नंबर चारची पानं पिवळी पडली, आज थेंब वाढवतो. नऊला काल शेळीनं तोंड लावलं, पण जगंल." शेळी ज्याची होती त्यालाच हे सांगायचे. तो माणूस लाजून दुसऱ्या दिवशी काटे आणून नऊ नंबरला कुंपण करून गेला. काका कधी कुणाला रागावलेले मी बघितले न्हाईत. नुसता पेशंटचा हाल सांगायचे.

बेड नंबर अकरा विसाव्याचा होता. तिथं त्यांनी प्लास्टिकची बाटली लावली न्हाई. दवाखान्यात फार पूर्वी काचेच्या बाटलीत सलाईन यायची, त्यातली एक त्यांनी जपून ठेवलेली, जाड काचेची, रबरी बूच असलेली. ती तारेनं बांधून तिथं लावली. म्हणायचे, "तिथं काकू टेकली व्हती. तिथला माल पक्का पाहिजे."

बाकीच्या बाटल्यांसाठी काका काय काय करायचे! लग्नात पंगत उठली की मांडवामागं हजर. एसटीत शेजारचा माणूस पाणी पिऊन राह्यला की हे त्याच्या बाटलीकडं असे बघायचे की तो बिचारा घाबरून एका दमात संपवायचा. काका हात पुढं करायचे, "झाकणासकट द्या." एकदा आमच्या भावकीतल्या लग्नात एका पाव्हण्यानं टोमणा मारला, "डॉक्टर, जेवलात का नुसत्या बाटल्याच?" काका म्हणाले, "जेवायला तुम्ही इतके जण हाव की. बाटल्याला मी एकटाच हाय." ऊन लागून बाटल्या कडक होतात, तडकतात, म्हणून सारख्या बदलाव्या लागायच्या. फाट्यावर थंड्याची टपरी होती, ती चालवणाऱ्या बाईला सगळे चाची म्हणायचे. चाची त्यांच्यासाठी रिकाम्या बाटल्या पोत्यात बाजूला ठेवायची. "डागदर, तुम्हारा माल रख्खी मैं," असं ओरडायची लांबूनच.

पहिला उन्हाळा निघाला. सतराच्या सतरा जगली.

दुसऱ्या उन्हाळ्यात योजना आली.

मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते, करायला काही नव्हतं, अन् मला तर कशातही उडी मारायची सवय. वरून कागद आला की प्लास्टिकमुक्त गाव करायचं, रिकामी बाटली आणून देईल त्याला नगामागं दोन रुपये, अन् तालुक्यात ज्या गावाचे नग सगळ्यात जास्त त्या गावाचा सत्कार. ग्रामसेवक आमच्या घरी आले. म्हणाले, "तू मोबाईलवर फास्ट हायेस, गावाच्या ग्रुपवर एक झकास मेसेज टाक." मी तिथं उभ्या उभ्या टाकला. मला तो शब्दन् शब्द आठवतो. 'गावात एकही रिकामी बाटली दिसली नाही पाहिजे! जिथं दिसेल तिथून उचला! दोन रुपये तुमचे, नाव गावाचं!' तीन उद्गारचिन्हं मीच टाकलेली. ग्रामसेवक म्हणाले, बढिया. मी फुगून गेले.

चार दिवसांत गाव चाटूनपुसून साफ. खरं सांगते, गटारी साफ दिसून राह्यल्या, मला लई भारी वाटलं. लोक रानातून, उकिरड्यातून, हिवराच्या झाडाखालून बाटल्या आणून राह्यले. शाळेच्या व्हरांड्यात मी अन् ग्रामसेवक बसायचो, ते पैसे द्यायचे, मी नग मोजून पोत्यात टाकायची. पाचव्या दिवशी बाजूच्या गावाचा आकडा आला. ते आमच्या पुढं होते. मी पुन्हा मेसेज टाकला, 'अजून शोधा!!'

त्या दिवशी दुपारी माझी आई पदरात चार बाटल्या बांधून आली. पदर सोडला अन् चारीपैकी एका बाटलीला नळी होती. झाकणातून लोंबत होती, खाली चक्री.

मी म्हणाले, "आई, ही कुठून आणली?"

"मसणवाटेवरून. समदे घेऊन राह्यले व्हते, मीच तेवढी येडी का?"

"अगं पण काकांच्या हायेत त्या. पाणी होतं ना त्यात?"

"व्हतं थोडं थोडं. वतून दिलं. रिकामी पाहिजे म्हणून तूच तर लिव्हलं ना माय."

आईला दोष देऊन न्हाई राह्यले. हे नीट वाचा, दोष कुणाचा ते आता येतंय. त्या वेळेला मी उठून मसणवाटेवर जाऊ शकत होते. सायकल दारात होती. मेसेज टाकू शकत होते, काकांच्या बाटल्यांना हात लावू नका, दहा सेकंदाचं काम. पण बाजूचं गाव पुढं होतं. मी ती नळी झाकणातून उपटली, माझ्या ओढणीत गुंडाळली, अन् बाटली पोत्यात टाकली. चार नग. भोक होतं बुडाला, पण भोक कोण बघतंय.

आमचं गाव पहिलं आलं.

काका त्या आठवड्यात मुलीकडं जालन्याला गेल्ते, डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना सगळ्या बाटल्या भरून, थेंब कमी करून, एका पुतण्याला सांगून गेल्ते की दोन दिवसाआड भर. तो पुतण्या गेला तेव्हा तिथं जिकडं बघावं तिकडं नुसत्या काठ्या उभ्या होत्या. त्यानं विचार केला, काकांनीच कुणाला तरी सांगून काढायला लावल्या असतील. अन् उन्हाळा कसला, तुम्हाला सांगायला नको.

काका बारा दिवसांनी आले, डोळ्याला हिरवी पट्टी. मी फाट्यावरच होते, पण त्यांच्या समोर गेले न्हाई, टपरीमागं लपले. ते मसणवाट बघून आलते, अन् आधी चाचीकडं गेले. मी ऐकून राह्यलते. काका म्हणाले, "चाची, सोळा-सतरा बाटल्या लागतात, जल्दी." चाचीचा आवाज एकदम बारीक झाला. "डागदर, पहले कचरा था तो तुमकू देती थी. अब उसके दो रुपये आते. मेरेकू भी घर है ना." काका म्हणाले, "बराबर हाय." त्यांनी खिसा चाचपला, चाचीनं पुढ्यातल्या होत्या त्या तीन बाटल्या तशाच देऊन टाकल्या, पैसे घेतले न्हाईत. पण तीनच. पूर्ण गावात बाटली उरली नव्हती. लग्नाच्या मांडवामागंसुद्धा आता काकांच्या आधी दुसरे उभे राहायला लागलते.

मंग काका ग्रामपंचायतीत गेले. तिच्या मागच्या बाजूला सगळी पोती पडली होती, आमचे सगळे नग, गाडी यायची होती न्यायला. ग्रामसेवक खुर्चीत. मी पण गेले मागं मागं, दाराशी उभी राह्यले.

"साहेब, त्यातल्या माझ्या सोळा द्या," काका म्हणाले.

"काका, तो मोजून रजिस्टरला घेतलेला माल हाय. आता शासनाचा झाला."

"शासन काय करणार त्याचं?"

"ते वरचे बघतील. गाडी येणार हाय."

"गाडी येईपर्यंत द्या. आली की मी परत आणून देतो. माझे पेशंट सिरियस हायेत."

ग्रामसेवक हसले न्हाईत, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांना वाईट वाटलं. पण म्हणाले, "एक जरी नग कमी भरला तर माझ्यावर येतं. तुम्ही समजून घ्या."

काकांनी समजून घेतलं. ती गाडी कधी आलीच न्हाई. पावसात पोत्यांत पाणी साचलं, मच्छर झाले, अन् एक दिवस कुणीतरी सगळं पेटवून दिलं. दोन दिवस गावात प्लास्टिकचा वास होता. घशात बसायचा. सत्काराचा फोटो तोपर्यंत फ्रेम होऊन भिंतीवर लागला होता, त्यात मी आहे, ग्रामसेवकांच्या बाजूला, दात काढून.

मी काकांकडं गेले ते ग्रामपंचायतीतल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ओढणीतली नळी घेऊन. मला वाटलं ते विचारतील, बोलतील, निदान एक थोबाडीत तरी. मी नळी पुढं केली अन् म्हणाले, "काका, मी..." त्यांनी नळी घेतली, चांगल्या डोळ्याजवळ नेली, चक्री फिरवून बघितली. फुंकर मारली. म्हणाले, "जपून ठेवलीस ते बरं केलं. नळ्या आता मिळत न्हाईत."

बस. मंग म्हणाले, "चल, राउंडला येतीस का?"

आम्ही वीसेक दिवस कॅननं पाणी घातलं. पण एकदम ओतलेलं पाणी त्या जमिनीत राहत न्हाई, फाटलेल्या भेगांतून खाली जातं. काका प्रत्येक झाडापाशी वाकून, नखानं साल खरवडून बघायचे, आत हिरवं आहे का. असलं तर पुढच्या झाडाकडं निघायचे. नसलं तर म्हणायचे, "हा गेला," अन् काठी उपटून सायकलला बांधायचे. रोज एक-दोन काठ्या. परत येताना मी मागं चालायची अन् त्या काठ्या सायकलवर वाजायच्या.

सतरापैकी तीन जगली. दोन एका शेताच्या कोपऱ्यावरची, तिथं पाईप गळत होता. अन् तिसरं विसाव्याचं, बेड नंबर अकरा. ती बाटली काचेची होती ना. काचेला दोन रुपये नव्हते, म्हणून कुणी हात लावला न्हाई, अन् त्या पुतण्यानं तेवढी एकच उभी दिसली म्हणून तेवढी एकच भरली.

त्याच वर्षी पावसाळ्यात मी कॉलेजसाठी जालन्याला येताना काकांना म्हणाले, "काका, पुन्हा लावू ना. मी सुट्टीत येईन, बाटल्या मी आणते जालन्याहून." ते दारात बसून निंबोळ्या निवडून राह्यलते. म्हणाले, "तीन उन्हाळे लागतात माय. माझ्याकडं हायेत का तेवढे, ते आधी बघावं लागंल." मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी बोलले. मी हसले. एसटी आली अन् मी चढले.

ते गेले त्याच्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात. वैशाखातच, दुपारीच. आईचा फोन आला, मी मिळेल ती गाडी पकडून पोहचले तेव्हा तिरडी उचलली होती. आमच्याकडं बाया मसणात जात न्हाईत. मी मागं मागं चालत राह्यले, कुणी थांबवलं न्हाई. शेताच्या कोपऱ्यावरचे ते दोन लिंब सोडले तर रस्ता तसाच, उघडा. खांदेकरी चप्पल न घालता भराभर चालून राह्यलते, पाय उचलून टाकून राह्यलते, अन् मी मनात मोजून राह्यले, इथं एक नंबर होता, इथं चार, इथं नऊ, शेळीवाला.

विसाव्याला तिरडी टेकवली. लिंब आता माझ्यापेक्षा उंच झालता, पण किती, पाच वर्षांचं झाड, त्याची सावली ती केवढी. काचेची बाटली अजून तिथंच, तार सालीत रुतून बसलेली, आत धूळ. खांदेकऱ्यांत तो पुतण्या होता. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, अन् म्हणाला, "जरा सरकवा." चौघांनी तिरडी हातभर सरकवली. पुन्हा बघितलं. "अजून थोडी." अन् काकांचं तोंड बराबर सावलीत आलं. तेवढ्यालाच पुरली ती. बाकी सगळे उन्हात उभे होते, पाय भाजून राह्यलते, पण त्या दिवशी कुणी घाई केली न्हाई. दोन मिनटं. पूर्ण दोन मिनटं.

तिथून पुढं मी गेले न्हाई.

तो आजचा माणूस काही वाईट नव्हता. टेबलवाला पण न्हाई. बोर्डावर जे लिहिलंय तेच दोघांनी केलं. मी पण तेच केलं होतं, अन् माझा बोर्ड तर मीच लिहिला होता. म्हणून विचारते, खरंच विचारते, उत्तर द्या. तुमच्याकडून असं झालंय का कधी? चांगलं काम म्हणून, घाईघाईत, रिकामं समजून काही उचललंत, अन् त्यातून कुणाला तरी थेंब थेंब चालू होतं?